ऑक्टोपसचं अनेकवचन कोणतं, आणि ते कुणाला विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सागरी जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या इंग्रजी प्रबंधात ‘ऑक्टोपाय’ लिहिलं. मार्गदर्शकांनी ते खोडून ‘ऑक्टोपसेस’ केलं. नंतर एका परीक्षकांनी शेरा दिला, की मूळ शब्द ग्रीक आहे, तेव्हा ‘ऑक्टॉपडीझ’ हेच शुद्ध. त्याच परीक्षकांनी प्रबंधातलं ‘धिस क्रायटेरिया’ही चूक ठरवलं. यातलं बरोबर कोणतं, आणि हेच काम उद्या मराठीत लिहायचं झालं तर काय करायचं, असं तिने विचारलं आहे.

आधी उत्तर देतो. ‘ऑक्टोपसेस’ लिहा. क्रायटेरियाच्या बाबतीत मात्र परीक्षकांचं ऐका. एका ठिकाणी मी इंग्रजी रूप घ्यायला सांगतोय आणि दुसऱ्या ठिकाणी ग्रीक, म्हणून हे विसंगत वाटेल. पण दोन्ही निर्णय एकाच कसोटीवर घेतलेत: आज इंग्रजीत त्या विषयावर काळजीपूर्वक लिहिणारी माणसं काय लिहितात? शब्दाचं मूळ कुठलं, हा पुढचा प्रश्न. तो मनोरंजक आहे आणि मला अतिशय आवडतो, पण अनेकवचन ठरवायचा अधिकार त्याला नाही. शास्त्रीय हस्तलिखितांच्या संपादनात बरीच वर्षं घालवल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगायला हवं. कारण या वादात तिन्ही बाजूंकडे खरी माहिती असते, फक्त प्रत्येकाकडे ती अर्धी असते.

‘ऑक्टोपाय’ लिहिणाऱ्याचा तर्क सरळ आहे. फंगसचं फंगाय, न्यूक्लियसचं न्यूक्लियाय, म्हणून ऑक्टोपसचं ऑक्टोपाय. लॅटिनमधल्या ‘-उस’ शेवटाच्या एका मोठ्या गटाचं अनेकवचन ‘-ई’ होतं, आणि इंग्रजी तोंडात त्याचा ‘-आय’ होतो. अडचण अशी, की ऑक्टोपसमधला ‘-अस’ हा प्रत्यय नाहीच, तो पाय आहे. ग्रीक शब्द ‘ओक्तोपूस’. ओक्तो म्हणजे आठ आणि पूस म्हणजे पाय. या ‘पूस’चं मूळ अंग ‘पोद्’ असं आहे. प्रथमेच्या एकवचनात तो द् दिसत नाही, बाकी सगळ्या रूपांत दिसतो. शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी वाचकाला हे समजावायला फार कष्ट पडत नाहीत. आपल्याकडे ‘पद्’चं प्रथमा एकवचन ‘पात्’ आणि अनेकवचन ‘पादः’. ग्रीकमध्ये ‘पूस’ आणि ‘पोदेस’. दोन्ही शब्द एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत, तसेच ‘अष्ट’ आणि ‘ओक्तो’ही. म्हणजे मराठीत आपण ऑक्टोपसला ‘अष्टपाद’ म्हणतो तेव्हा त्या ग्रीक शब्दाचीच सख्खी भावंडं वापरत असतो. तेव्हा ग्रीक अनेकवचन ‘ओक्तोपोदेस’ आणि त्याचा इंग्रजी उच्चार ‘ऑक्टॉपडीझ’, इथपर्यंत परीक्षकांचं व्याकरण निर्दोष आहे.

त्यांना आणखी एक पुरावाही देता आला असता. इंग्रजीत ‘अँटिपडीझ’ हा शब्द शतकानुशतकं चालत आलाय. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, आपल्या पायांना पाय लावून उभे असलेले लोक, असा त्याचा मूळ अर्थ. ब्रिटिश माणूस तो आता ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी वापरतो. तोच पाय, तेच ग्रीक अनेकवचन, आणि इंग्रजीत ते पूर्ण रुळलेलं आहे. मग ऑक्टॉपडीझला आडकाठी का?

याचं उत्तर त्याच पायाच्या दुसऱ्या एका शब्दात मिळतं, आणि तो महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लर झाले आणि पुढे आयुष्यभर रँग्लर परांजपे म्हणून ओळखले गेले. हा ‘ट्रायपॉस’ म्हणजे तीन पायांचा, तिवई. परीक्षेशी जोडल्या गेलेल्या तिवईवरून परीक्षेलाच ते नाव पडलं, असं मानतात. आता केंब्रिजमध्ये ट्रायपॉस एकच नाही, अनेक विषयांचे आहेत. ग्रीक आणि लॅटिनचा एवढा जुना अभ्यास असलेलं ते विद्यापीठ अनेकवचन काय करतं? ‘ट्रायपॉसेस’. तिथल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनाही त्यात काही खटकत नाही. अँटिपडीझ इंग्रजीत शिरला तो मुळात अनेकवचन म्हणूनच. ट्रायपॉस आणि ऑक्टोपस एकवचनात आले आणि इथल्या रीतीने वाढले.

ऑक्टॉपडीझविरुद्ध माझा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. ग्रीक शुद्धतेचा आग्रह धरायचा तर मग ग्रीक लोक या प्राण्याला काय म्हणत? ॲरिस्टॉटलने समुद्री जीवांबद्दल इतकं बारकाईने लिहिलं, त्यात त्याचा नेहमीचा शब्द ‘पोलिपूस’ आहे, म्हणजे बहुपाद. आजचा ग्रीक कोळी ‘ख्तापोदी’ म्हणतो. ‘ऑक्टोपस’ जगभर गेला तो आधुनिक प्राणिशास्त्राच्या लॅटिनमधून. क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९७ साली ते वंशाचं (जीनसचं) नाव म्हणून वापरलं. म्हणजे ऑक्टॉपडीझ लिहिणारा जुन्या ग्रीकांच्या रोजच्या शब्दालाही धरून नाही आणि आजच्या ग्रीकांच्याही नाही.

तो ‘पोलिपूस’ रोमन लोकांनी उचलला तेव्हा काय झालं ते ऑक्टोपायवाल्यांना माहीत असतं तर त्यांनी मान वर करून वाद घातला असता. रोमनांनी त्याचा ‘पोलिपुस’ केला आणि त्यातला पाय विसरून, साध्या ‘-उस’ शब्दासारखा तो चालवला. रोमन लेखक प्लिनीच्या लॅटिनमध्ये अनेकवचन ‘पोलिपी’ असं सरळ येतं. ऑक्टोपायमध्ये जी चूक दाखवली जाते, नेमकी तीच रोमनांनी आपल्या भाषेत केली आणि ती लॅटिनमध्ये शुद्ध ठरली. म्हणून ऑक्टोपाय लिहिणाऱ्याला कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. मोठे इंग्रजी कोश ते रूप नोंदवतात, आणि एकोणिसाव्या शतकापासून ते छापलं जातंय. तरीही मी ते सुचवत नाही. कारण व्यवहारी आहे: ते वाचल्यावर निम्म्या वाचकांचं लक्ष तुमच्या संशोधनावरून उडून त्या शब्दावर जातं. ऑक्टोपसेसवर कुणी अडखळत नाही.

तुमच्या विषयात एक चौथा पर्यायही आहे. एका प्रजातीचे अनेक प्राणी असतील तर ऑक्टोपसेस. पण अष्टपादांच्या संपूर्ण गणाबद्दल, ज्यात अर्गोनॉटसारखे प्राणीही येतात, बोलायचं असेल तर ‘ऑक्टोपॉड्स’ हा शब्द जास्त नेमका आहे. आणि मूळ अंगातला तो ‘पोड’ पाहायचाच असेल तर तो ऑक्टोपोडिडी या कुलनामात सुरक्षित आहे. गेंड्याचंही तसंच. ऱ्हायनोसेरॉसचं ग्रीक अनेकवचन ‘रिनोकेरोतेस’, पण ते कुणी लिहीत नाही. त्यातला ‘त’ फक्त ऱ्हायनोसेरोटिडी या कुलनामात उरलाय. शास्त्रीय नामकरणात ग्रीक अंग पाळावंच लागतं. चालू वाक्यात ते पाळायची गरज नाही.

इथे उलट्या बाजूची घाईही होते, तीही टाळा. ‘शब्द ग्रीक आहे ना, मग -आय चूकच’ असं नाही. हिप्पोपोटॅमसमधला ‘पोतामोस’ म्हणजे नदी, आणि तो ग्रीकमध्येच ‘-ओस’ गटातला, लॅटिनमध्ये गेल्यावर रीतसर ‘-उस’ झालेला. म्हणून हिप्पोपोटॅमाय व्याकरणात चोख बसतं. कॅक्टसचं कॅक्टाय, सार्कोफॅगसचं सार्कोफॅगाय, पपायरसचं पपायराय, हे सगळे मूळ ग्रीकच. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी वापरकोशात ‘-अस’ दिसलं की ‘-आय’ लावण्याच्या सवयीबद्दल सावध केलं होतं. तो सावधपणा हवाच. पण ‘-आय’ दिसलं की खोडायचं ही सवयही तितकीच आंधळी.

आता क्रायटेरिया. इथे मी ठाम आहे. ‘क्रायटेरियन’ एक आणि ‘क्रायटेरिया’ अनेक. ‘-ऑन’ एकवचनी आणि ‘-आ’ अनेकवचनी, ही ग्रीक नपुंसकलिंगी नामांची चाल आहे, आणि तीसुद्धा आपल्याला परकी नाही: वैदिक संस्कृतात ‘युगम्’चं अनेकवचन ‘युगा’ असं येतं, ग्रीकमध्ये त्याच शब्दाचं ‘झिगोन’ आणि ‘झिगा’. बोलताना अनेक इंग्रजी भाषक आता ‘अ क्रायटेरिया’ म्हणतात, आणि लॅटिनमधून आलेला ‘अजेंडा’ असाच पूर्वी अनेकवचनी होता, आज निखालस एकवचनी आहे. क्रायटेरियाही उद्या त्या वाटेने जाईल कदाचित. पण आज शास्त्रीय लेखनात तो गेलेला नाही. मुख्य म्हणजे त्या फरकाचं इथे काम आहे. संधिवाताच्या तापाचं निदान करताना १९४४ पासून ‘जोन्स क्रायटेरिया’ वापरतात. त्यात प्रमुख आणि गौण अशा अनेक कसोट्या आहेत, आणि ठरावीक संख्येने त्या जुळल्या तरच निदान होतं. तिथे ‘एक क्रायटेरियन जुळला’ आणि ‘क्रायटेरिया जुळले’ या दोन वाक्यांत रुग्णाच्या उपचारांचा फरक आहे. तुमच्या प्रबंधातही नमुने निवडताना एक अट होती की चार, हे वाचकाला त्या एका शब्दावरून कळतं. तेव्हा ‘धिस क्रायटेरियन’ किंवा ‘दीझ क्रायटेरिया’, आणि क्रियापद त्यानुसार. फिनॉमेनन–फिनॉमेना, मायटोकॉन्ड्रियन–मायटोकॉन्ड्रिया, गँग्लियन–गँग्लिया यांचंही हेच.

मग इलेक्ट्रॉनचं ‘इलेक्ट्रा’ का नाही? ग्रीक ‘एलेक्त्रोन’ म्हणजे अंबर, राळेचा खडा, आणि त्याचं अनेकवचन खरोखरच ‘एलेक्त्रा’ आहे. पण १८९१ साली स्टोनी या भौतिकशास्त्रज्ञांनी विद्युतभाराच्या एककाला हे नाव दिलं (कणाला ते पुढे मिळालं), तेव्हा त्यांनी ग्रीक शब्द उसना घेतला नाही, ग्रीक सामग्रीतून नवा इंग्रजी शब्द घडवला. त्याच्याही आधी, १८३४ साली, फॅरेडे यांना विद्युत-विघटनासाठी नवी नावं हवी होती, म्हणून त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना विचारलं. ह्यूएल ग्रीकचे उत्तम जाणकार. अ‍ॅनोड, कॅथोड, आयन ही नावं त्या पत्रव्यवहारातून आली. ग्रीकच्या हिशेबाने आयनचं अनेकवचन ‘इओन्ता’ व्हायला हवं. ह्यूएल यांनी स्वतःच ‘आयन्स’ सुचवलं. ग्रीक येत असलेल्या माणसाने, शब्द जन्माला घालतानाच, त्याला इंग्रजी अनेकवचन दिलं! शुद्धतेच्या नावाने भांडणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

काही शब्दांनी ग्रीक अनेकवचन राखलं आणि काहींनी टाकलं, याची कारणमीमांसा मी माझ्यापुरती अशी करतो: ज्या गोष्टी आपल्याला आधी समूहानेच भेटतात, त्यांचं परकं अनेकवचन टिकतं. बॅक्टेरिया कुणाला एकटा भेटत नाही, निकष बहुधा यादीतच येतात, पानाखालची रंध्रं सूक्ष्मदर्शकात शेकड्याने दिसतात. अशा वेळी अनेकवचन हाच मुख्य शब्द होतो. सांगाडा मात्र एकेकटाच समोर येतो, म्हणून ‘स्केलेटन्स’. ग्रीक ‘स्केलेता’ कुणाच्या स्वप्नातही नसतं.

रंध्रांवरून ‘-मा’ गटाकडे येऊ. स्टोमा–स्टोमाटा, स्टिग्मा–स्टिग्माटा, स्कीमा–स्कीमाटा. इथेही संस्कृतची मदत होते: ‘नाम’चं ‘नामानि’ होतं, तसं ग्रीक ‘ओनोमा’चं ‘ओनोमाता’. या गटात इंग्रजीने फार शहाणपणाची गोष्ट केली आहे. दोन्ही अनेकवचनं ठेवली आणि त्यांना वेगवेगळी कामं दिली. वनस्पतिशास्त्रात पर्णरंध्रं ‘स्टोमाटा’. पण शस्त्रक्रियेत पोटावर केलेल्या कृत्रिम छिद्रांना सर्जन सर्रास ‘स्टोमाज’ म्हणतात. यकृताच्या जुनाट आजाराच्या शरीरावर दिसणाऱ्या खुणा ‘स्टिग्माटा’, ख्रिस्ती संतांच्या अंगावरच्या जखमाही ‘स्टिग्माटा’. फुलातल्या कुक्षी मात्र ‘स्टिग्माज’, आणि सामाजिक कलंकही ‘स्टिग्माज’. डेटाबेसवाले ‘स्कीमाज’ लिहितात, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ‘स्कीमाटा’. गाठींच्या नावांत, म्हणजे कार्सिनोमा वगैरेंत, जुन्या ब्रिटिश पुस्तकांतलं ‘कार्सिनोमाटा’ मागे पडून ‘कार्सिनोमाज’ रूढ झालं. डिक्शनरी उघडून ‘दोन्ही चालतात’ एवढंच वाचणाऱ्याला ही वाटणी दिसत नाही. त्या-त्या विषयाची चालू नियतकालिकं वाचणाऱ्याला दिसते. म्हणून मी नेहमी सांगतो, कोश पाहाच, पण आपल्या क्षेत्रातले अलीकडचे दहा निबंध जास्त काळजीने पाहा.

‘-इस’ गट सोपा आहे: थीसिस–थीसीझ, क्रायसिस–क्रायसीझ, अ‍ॅनॅलिसिस–अ‍ॅनॅलिसीझ. इथे पर्याय नाही, वादही नाही. मात्र या ‘-ईझ’चा संसर्ग भलतीकडे पोहोचलाय. परिसंवादात ‘प्रोसेसीझ’ असा उच्चार हमखास ऐकू येतो. प्रोसेस लॅटिनमधून आला, त्याचा ग्रीक ‘-इस’शी काही संबंध नाही. साधं ‘प्रोसेसिझ’ म्हणा, ऱ्हस्व.

आपल्या विद्यापीठांत रोज लागणारा ‘सिलॅबस’ शेवटी घेतो, कारण त्याची कथा या सगळ्या वादाला जागेवर आणते. रोमन वक्ता सिसेरो याने आपला मित्र ॲटिकस याला लिहिलेल्या पत्रांत ग्रंथाच्या गुंडाळीला लावायच्या चामडी चिठ्ठ्यांसाठी ‘सित्तिबास’ असा ग्रीक शब्द होता. पंधराव्या शतकात ती पत्रं छापताना तो चुकून ‘सिलाबोस’ असा छापला गेला. त्या छापील चुकीला विद्वानांनी ग्रीक व्युत्पत्ती जोडली, लॅटिन रूप दिलं, आणि पुढे ‘सिलॅबाय’ हे अनेकवचनही. मूळ ग्रीकमध्ये ज्याला आधारच नाही, त्याचं ‘मूळ शुद्ध रूप’ कुठून आणायचं? सिलॅबाय आणि सिलॅबसेस दोन्ही आज चालतात, आणि चालतात म्हणूनच बरोबर आहेत.

राहिलं मराठी. मराठीत हा प्रश्न तुलनेने हलका आहे, कारण आपण हे हजार वर्षं करत आलोय. संस्कृतातून ‘राजा’ घेतला, पण ‘राजानः’ घेतलं नाही. अनेकवचन ‘राजे’ केलं. ‘आत्मा’चं ‘आत्मे’ केलं. प्रथमेचं एकवचन तेवढं उचललं, बाकी चालवणं आपलं. अरबी-फारसीतून तर आपण अनेकवचनंच एकवचन म्हणून घेतली. ‘अहवाल’ हे अरबीत ‘हाल’चं अनेकवचन, ‘उमराव’ हे ‘अमीर’चं. तरी सरकारी समिती एकच अहवाल सादर करते आणि त्यात कुणालाही चूक दिसत नाही, दिसूही नये.

म्हणून मराठी लेखात ‘दोन ऑक्टोपस’ लिहा. अकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही, ‘दोन दगड’ तसं ‘दोन ऑक्टोपस’. विभक्ती लागली की ‘ऑक्टोपसांचे डोळे’. ‘ऑक्टोपसेसचे’ लिहू नका, त्यात इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढतो. ‘अष्टपाद’ लिहिलंत तर मला जास्त आनंद होईल. ‘एक बॅक्टेरिया’ मराठीत चालेल, पण ‘जिवाणू’ हा चांगला, सर्वांना कळणारा शब्द हाताशी आहे. क्रायटेरियासाठी ‘निकष’ असताना मराठी वाक्यात क्रायटेरिया आणायची गरज मला दिसत नाही. आणलाच तर ‘क्रायटेरियाज’ नको. स्टोमाटासाठी ‘पर्णरंध्रं’. आणि ‘डेटा मिळाला’ हे एकवचन अगदी योग्य आहे. मराठी वाक्यात ‘डेटा मिळाले’ लिहायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

प्रबंधाच्या दुरुस्तीबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक रूप ठरवा आणि सर्व प्रकरणांत, आकृत्यांखालच्या मजकुरात आणि सूचीतही तेच ठेवा. शोधा-आणि-बदला करताना दुसऱ्यांच्या निबंधांची शीर्षकं आणि अवतरणं मात्र चुकून बदलली जाणार नाहीत हे डोळ्यांनी तपासा, तिथे मूळ लेखकाने ऑक्टोपाय लिहिलं असेल तर ते तसंच राहायला हवं. परीक्षकांना उत्तर देताना वाद घालू नका. क्रायटेरियाची दुरुस्ती स्वीकारल्याचं आधी लिहा. मग ऑक्टॉपडीझ हे ग्रीक व्याकरणाला धरून असल्याचं मान्य करा, ते खरंच आहे. आणि शीर्षपादांवरच्या (ऑक्टोपस ज्या गटात येतो त्यावरच्या) ज्या नियतकालिकांचा तुम्ही संदर्भ घेतलाय, तिथे ऑक्टोपसेस हे रूप वापरात असल्याने तेच ठेवलं आहे, असं एका वाक्यात लिहून त्यातल्या तीन-चार निबंधांची नावं सोबत द्या.